पहाटे चारचे बालगंधर्व

आमच्या मंडळाच्या दिवाळीतल्या रांगोळी प्रदर्शनाचा मी गेली अकरा वर्षं चिटणीस आहे. चिटणीस हे पद ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात ज्याच्याकडे हॉलची किल्ली असते आणि पंखे बंद ठेवल्याबद्दल ज्याला गावाच्या शिव्या खाव्या लागतात, तो चिटणीस. रांगोळीला वाऱ्याचं वावडं, आणि रत्नागिरीच्या माणसाला वाऱ्याशिवाय उभं राहणं अशक्य. ऑक्टोबर हीटमध्ये खिडक्या लावून, पंखे बंद करून दीडदोनशे माणसं एका शाळेच्या हॉलमध्ये घामाघूम होत फिरवायची, आणि वर त्यांना 'शिंकू नका' म्हणून बजावायचं, ही काय समाजसेवा झाली? पण शिंकेचं गांभीर्य आम्हाला ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांना अशी सणसणीत शिंक आली, की एका संतांची दाढी उडून शेजारच्या क्रिकेटपटूला चिकटली. चौदा तासांचं काम एका शिंकेत गेलं. क्रिकेटपटू मात्र दाढीत बरा दिसत होता.

गेल्या वर्षी विषय ठरला 'माझा आवडता रंगकर्मी'. नऊ व्यक्तिचित्रं आली, त्यातले सात बालगंधर्व. यात नवल काही नाही. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाला 'बालगंधर्व' हे नाव लोकमान्यांनी दिलं असं सांगतात. लोकमान्य तर आमचेच, 1856 साली इथे टिळक आळीत जन्मलेले. तेव्हा बालगंधर्वांवर निम्मा हक्क रत्नागिरीचा, अशी आमच्याकडची हिशेबाची पद्धत आहे.

त्यातले सहा बालगंधर्व एकाहून एक देखणे होते. 'मानापमाना'तली भामिनी होती, 'स्वयंवरा'तल्या दोन रुक्मिणी होत्या, 'एकच प्याला'तली सिंधू होती. उरलेल्या दोन कोण ते काढणाऱ्यांनाही नीट सांगता आलं नाही, पण शालू आणि नथ झकास होती. आमची ही प्रत्येकीसमोर उभी राहून पदर कसा घेतलाय ते बघत होती. यातही नवीन काही नाही. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या चांगल्या घरच्या बायका नारायणरावांचं बघून लुगडं नेसायला आणि केसांत फुलं माळायला शिकल्या. बायकांनी बाई कसं दिसावं ते एका पुरुषाकडून शिकून घ्यायचं, आणि त्यात कुणाला काही खटकायचं नाही. आमच्या समाजाचं मन मोठं आहे. फक्त ते कधी मोठं होईल याचं वेळापत्रक आगाऊ मिळत नाही.

सातवे बालगंधर्व दारापाशी, कोपऱ्यात होते. ते काढलं होतं आमच्या शेजारच्या पोराने.

'पोर' हा शब्द मी विचार करून वापरतोय. मराठीत पोर नपुंसकलिंगी असतं, आणि म्हणून फार सोयीचं असतं. पोर आलं, पोर गेलं, पोर जेवलं. हे पोर विशीतलं आहे. सावर्ड्याला चित्रकला शिकतं, सुटीत घरी येतं. शाळेच्या दाखल्यावर त्याला मुलगा म्हटलंय. पण गेली दोन-तीन वर्षं ते कानांत डूल घालतं, केस खांद्यापर्यंत वाढवतं, कुर्त्यावर ओढणी घेतं, आणि दाढी मात्र आठवडा आठवडा करत नाही. गल्लीची पंचाईत होते ती या शेवटच्या मुद्द्यावर. आणखी एक गंमत माझ्या उशिरा ध्यानात आली. हे पोर बोलताना 'मी येतो' म्हणत नाही आणि 'मी येते'ही म्हणत नाही. 'काका, मला यायचंय.' 'माझं जेवण झालं.' 'मला वाटतं, आज पाऊस पडेल.' दोन वर्षांत ओसरीवर बसून आम्ही शेकडो गोष्टी बोललो, पण त्याच्या तोंडून एक वाक्य असं निघालं नाही ज्यात लिंग सापडेल. मी जन्मभर सरकारी कचेरीत खर्डे लिहिले. कुणाचंही नाव न घेता, कसलीही जबाबदारी न घेता वाक्य कसं पुरं करावं, ही विद्या मला अवगत आहे. तरी सांगतो, घरी, आईशी, भूक लागलेली असताना अशी वाक्यं करणं हे सोपं काम नव्हे.

त्याच्या वडलांनी यावर स्वतःचा तोडगा काढलाय. ते दोन वर्षं पोराशी फक्त हवेबद्दल बोलतात. 'उद्या पाऊस आहे म्हणे.' 'आज वारा पडलाय.' बास.

तर ती रांगोळी. शालू अंजिरी, जरीचा काठ असा की हात लावून बघावा. नथ, खोपा, कपाळावर कोर. डोळे दमलेले, पण हसरे. आणि गालावर, हनुवटीवर, ओठांच्या वर निळसर काळी, खरखरीत, एका रात्रीत वाढलेली दाढी. चाळणीतून भुरभुरवलेली, दाणा दाणा मोजून घ्यावा अशी. मनगटंही रुंद, पुरुषी, आणि त्यांत हिरव्या बांगड्या. खाली चिठ्ठी होती, 'बालगंधर्व, पहाटे चार वाजता'.

उद्घाटन दुसऱ्या दिवशी दहाला. आदल्या संध्याकाळी कार्यकारिणी रांगोळीभोवती गोल उभी राहिली. कुणीतरी आजारी असल्यासारखी.

"हा नारायणरावांचा अपमान आहे," अध्यक्ष म्हणाले. "बाई काढायची तर बाई काढा. पुरुष काढायचा तर पुरुष काढा. कोट-टोपीतले नारायणराव काढा, कोण नको म्हणतंय? हे मधलंच काय?"

"हे हल्लीचं मुंबईचं फॅड," खजिनदार म्हणाले. आमच्याकडे जे जे कळत नाही ते ते मुंबईहून येतं. चाकरमानीसुद्धा.

मी म्हटलं, "2014 साली सुप्रीम कोर्टानेसुद्धा तृतीयपंथी ही वेगळी ओळख मान्य केली आहे." वाद घालायचा नसला की मी कोर्टाचा हवाला देतो.

"केली असेल," अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त वकील आहेत. "पण दाढी आणि नथ एकाच तोंडावर मान्य केलीय का? निकालपत्रात दाखवा."

यावर खजिनदारांनी जरा उदार भूमिका घेतली. "मी काय म्हणतो, पुरतं बाईच व्हायचं असेल तर एक वेळ समजू शकतो. त्या टीव्हीवर येतात ना, काय साडी, काय मेकअप, ओळखायला यायचं नाही! तसं असलं की बरं वाटतं. नाहीतर मग सरळ मावशी काढायची होतीस म्हणावं. लोक हसले असते, विषय संपला असता."

या मावशीबद्दल कोकणाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे नमन-खेळे असतात. त्यात गण झाला की गवळण येते. कृष्ण, पेंद्या, दह्यादुधाची मडकी घेतलेल्या गवळणी, आणि त्यांची म्होरकी ही मावशी. हे सगळे परंपरेने पुरुष. त्यातली राधा झालेला मुलगा असा लाजतो, मुरकतो, की पुढे बसलेले म्हातारे पान चघळायचे थांबतात. मावशी झालेला गडी मात्र बाप्या तो बाप्याच राहतो. राकट आवाज, कमरेला खोचलेला पदर, आणि दर वाक्याला हशा. शिमग्यात भैरीची पालखी निघते, गावोगाव संकासुर नाचतो, काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. त्याच्याबरोबर गोमू नाचते. तीही साडी नेसलेला पोरगाच. चाकरमानी रजा काढून, रात्रभर उभ्याने प्रवास करून हे बघायला येतात, आणि गोमूवर नोटा ओवाळून टाकतात.

म्हणजे साडी नेसलेल्या पुरुषाची आमच्या समाजाने उत्तम सोय केलेली आहे. भाळायला राधा आहे, हसायला मावशी आहे. फक्त बघणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळलं पाहिजे की भाळायचं का हसायचं. अंजिरी शालूतली ती दाढी बघून कार्यकारिणीला दोन्ही करता येईना, आणि आमच्यासारख्या माणसांना तिसरं काही करायची सवय नाही.

आता मला माझ्याबद्दलही थोडं सांगितलं पाहिजे. 1978 साली आमच्या कचेरीच्या स्नेहसंमेलनात मी सुनेचं काम केलं होतं. बायकांची कामं बायका करायला लागून तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती. 'आंधळ्यांची शाळा' 1933 सालची. पण आमच्या कचेरीत बायका दोनच, एक साहेबांची स्टेनो आणि दुसऱ्या निवृत्तीला आलेल्या. नाटकात सून तर हवी. माझी चण बारीक, मिशी कोवळी. मिशी गेली. मेकअपवाल्याने उत्साहाच्या भरात भुवयाही कोरल्या. प्रयोग असा रंगला की पडदा पडल्यावर साहेबांच्या मिसेसनी आत येऊन मला विचारलं, पदराला पिन कुठे लावली होती. अडीच तास शे-दोनशे लोक माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या बघण्यात एक माया होती. ती मला त्याआधी मिळाली नव्हती, नंतरही फारशी नाही. लुगडं सोडताना मी जरा वेळ लावला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चार दिवसांनी मला मुलगी बघायला जायचं होतं. भुवया वाढायला चार दिवस पुरत नाहीत. मुलीच्या आईने पोह्यांची बशी पुढे करता करता माझ्या कपाळाकडे निरखून बघितलं आणि 'काही आजारबिजार होता का?' असं हळूच विचारलं. मी घाम पुसत होतो. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "नाही गं आई, हे नाटकातली सून होते. मी पाहिलंय." लग्न ठरलं. अजून घरात वाजलं की ही म्हणते, "मी ज्या सुनेला पसंत केलं ती कुठे गेली कोण जाणे."

तर असा भुवया कोरलेला इतिहास असलेला मनुष्य त्या रात्री साडेआठ वाजता, कार्यकारिणीच्या वतीने, शेजारच्या पोराला दाढी पुसायला सांगायला गेला. मला सांगितलं म्हणून मी गेलो. चिटणीस पदाचं हेच तर काम.

पोर हॉलच्या पायरीवर चहा पीत होतं. बोटं अजून अंजिरी होती.

"छान झालंय," मी म्हटलं. "फक्त ती दाढी जरा... म्हणजे काय जातंय? एका ब्रशचं काम."

"काका, नाटक रात्री सुरू व्हायचं ना? आणि पहाटेपर्यंत चालायचं?"

"चालायचं. वन्समोअर घेत घेत कोंबडं आरवायचं म्हणतात."

"मग संध्याकाळी केलेली दाढी पहाटे चारपर्यंत थोडी तरी वाढणारच ना? रंगाखालून दिसणारच. विंगेत उभं राहून कुणीतरी ते बघितलं असणार. मला वाटतं, तेव्हाही सुंदरच दिसत असतील. मला ते काढायचं होतं."

याला उत्तर काय द्यायचं? मी म्हटलं, "पण नारायणराव स्वतः घरी धोतर-कोटात असायचे, संसारी गृहस्थ होते. त्यांच्यावर आपण काहीतरी लादतोय असं नको व्हायला."

"मी त्यांच्याबद्दल काहीच म्हटलेलं नाही, काका. फक्त घड्याळ पुढे केलंय."

"बरं, समजा पुसली दाढी. बिघडलं कुठे? बालगंधर्वच राहतील."

"ते सहा आहेत की आत," पोर म्हणालं.

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला रागावून परत जाता आलं असतं. मी तसाच घरी आलो आणि जेवायला बसलो. हिने विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ही काही बोलली नाही. वाढता वाढता एवढंच म्हणाली, "हॉलची किल्ली कुणाकुणाकडे असते हो?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक अध्यक्षांकडे, एक शाळेच्या शिपायाकडे. आणि रांगोळी पुसायला मनुष्य दुष्ट असावा लागत नाही. नुसता पंखा पाचावर ठेवला तरी सकाळी 'अरेरे, वाऱ्याने गेलं' म्हणता येतं. सतरंजी, तांब्या आणि मच्छर अगरबत्ती घेऊन मी रात्री साडेदहाला हॉलवर झोपायला गेलो. अगरबत्तीची राख रांगोळीवर उडेल म्हणून ती दारातच विझवली, आणि रात्रभर डासांना रक्त दिलं. अकराच्या सुमाराला अध्यक्ष खरोखरच डोकावले. मला बघून म्हणाले, "पंखे बंद आहेत ना, बघायला आलो." मी म्हटलं, "बंद आहेत." मग जरा वेळ आम्ही परतीच्या पावसाबद्दल बोललो. या गावात सगळ्यांनाच ती युक्ती माहीत आहे.

झोप नव्हतीच. सात बालगंधर्व आणि मी. पडल्या पडल्या नाही नाही ते आठवत राहिलं. 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती, आपल्या पहिल्या चित्रपटाची पहिली नायिका, म्हणजे अण्णा साळुंके. हॉटेलात स्वयंपाकी होते. चार वर्षांनी, 1917 साली, 'लंका दहन'मध्ये रामही तेच आणि सीताही तेच. फाळक्यांच्या पडद्यावर राम स्वतःचाच विरह सहन करत होता आणि लोक हात जोडून बघत होते. नेवाशाचा देव मोहिनीराज. नावात अर्धी बाई, अर्धा राजा, आणि व्याकरणवाल्यांनी आजवर तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. आळंदीच्या ज्ञानोबांना सारा महाराष्ट्र माउली म्हणतो. वारीत तर मिशीवाला हवालदारही 'माउली, जरा बाजूला व्हा' म्हणतो आणि दुसरा मिशीवाला बाजूला होतो. उलट 1935 साली 'धर्मात्मा'त नारायणराव एकनाथ महाराज झाले, चांगले धोतर-पगडीतले पुरुष, तर लोकांना ते काही फारसे रुचले नाहीत. पहाटे चारला मी उठून कोपऱ्यातली रांगोळी बघून आलो. त्या उजेडात ती बरोबर वाटली. माझ्याही हनुवटीला खरखर लागत होती.

दहाला नारळ फुटला. लोक आले. सहा बालगंधर्वांपुढे 'वा वा' झालं. सातव्यापुढे आवाज बंद. काही जण हसायला आले होते, पण त्यांना हसू नीट फुटेना. एका काकांनी 'समाजाचं काय होणार' म्हटलं. कुणीतरी फोटो काढला आणि 'याला पाठव, त्याला पाठव' सुरू झालं. दोन कॉलेजच्या मुली मात्र बराच वेळ उकिडव्या बसून दाढीचे दाणे बघत राहिल्या. पोर खांबापाशी उभं होतं. बांधलेल्या माणसासारखं.

साडेअकराला आमच्या आळीतल्या आजी आल्या. वय ब्याण्णव, हातात काठी, दोन्ही बाजूंना दोन नाती. आजींनी लहानपणी मामाकडे पुण्याला बालगंधर्वांना पाहिलंय, आणि हे सत्य त्या वर्षातून किमान बारा वेळा सांगतात. लोक बाजूला झाले. अध्यक्षांना वाटलं, आता निकाल लागेल. मलाही तेच वाटलं, म्हणून मी किल्ली चाचपत दूर उभा राहिलो.

आजींनी चष्मा पुसला. वाकून पाहिलं. बराच वेळ.

"कुणी काढलंय?"

पोर पुढे झालं.

"मी बघितलेत नारायणरावांना. तेव्हा साठीला आलेले. अंग सुटलेलं. पण पदर असा सावरला," आजींनी काठी नातीकडे देऊन पदर सावरला, "की दाढीबिढी काय, समोर दुसरं काही दिसायचंच नाही. हे बरं काढलंयस. डोळे दमलेत, ते बरं काढलंयस." मग काठी परत घेतली. "पण मेल्या, नथ चुकली की."

सगळे वाकले. दाढीच्या नादात नथीकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. नथ उजव्या नाकपुडीत होती.

"नथ डाव्या नाकात असते. फोटोवरून काढलंस तर अशी उलटी कशी येईल?" आजी म्हणाल्या. "आरशात बघून काढलीस होय?"

पोराने मान खाली घातली. काही बोललं नाही. आणि तेव्हा कुठे मी त्या रांगोळीतलं नाक नीट बघितलं, हनुवटीवरचा तो बारीक खड्डा बघितला. दोन वर्षं रोज ओसरीवर समोर बसणारा चेहरा, आणि मला ब्याण्णव वर्षांच्या बाईने दाखवावा लागला.

"मग काय झालं," आजी म्हणाल्या. "नीट कर, बस. मी थांबते."

नातीने खुर्ची आणली. पोर गुडघ्यांवर बसलं, चिमटीत पांढरी रांगोळी घेऊन मोती एक एक करून डाव्या बाजूला उतरवायला लागलं. अध्यक्ष म्हणाले, "प्रदर्शन सुरू झाल्यावर दुरुस्ती करायला नियमाने परवानगी नाही." आजी म्हणाल्या, "तू गप रे." अध्यक्ष अडुसष्ट वर्षांचे आहेत.

या सगळ्यात पोराचे वडील कधी आत आले ते मला कळलं नाही. दाराशी उभे होते, चपला हातात. त्यांनी रांगोळी बघितली, मग वाकलेली पाठ बघितली, मग पुन्हा रांगोळी. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होतो, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. बाहेर ढग भरून आले होते आणि कोपऱ्यातल्या त्या खिडकीचं एक दार मुळातच नीट लागत नाही, त्याची तक्रार मी शाळेकडे तीन वेळा केलेली आहे.

"वारा सुटलाय," ते म्हणाले. "उडेल ते."

आणि खिडकीचं दार ओढून, त्याला पाठ लावून, नथ पुरी होईस्तोवर तिथेच उभे राहिले.